तिला टॉय ट्रेन म्हणू नका

आज एका मुंजीच्या पंगतीत पुण्याहून आलेल्या मुलानं सहज विचारलं, "मावशी, तुमच्या ग्वाल्हेरची ती टॉय ट्रेन बंद झाली ना?" मी मठ्ठा वाढत होते, गप्प बसले. पण दुपारभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

खेळण्यातली गाडी शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात आहे. चांदीची, जेवणाच्या टेबलावर फिरणारी. ती लोक तिकीट काढून बघतात. आमची गाडी माणसं नेणारी होती. रुळांमधलं अंतर दोनच फूट, पण ग्वाल्हेर ते श्योपूर वाट जवळजवळ २०० किलोमीटरची! माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, १८९९ साली ही रेल्वे सुरू झाली, श्योपूर गाठायला १९०९ उजाडलं.

काका याच लाइनीवरच्या सबलगढला मास्तर होते. होळीला आजी पुरणपोळ्यांचा पितळी डबा फडक्यात बांधायची, माझं बोट धरून ग्वाल्हेरातल्या घोसीपुरा स्टेशनवर यायची आणि डबा गार्डच्या हातात द्यायची. "भैया, सबलगढ. मास्टरसाब." बस, एवढाच पत्ता. दोन दिवसांनी डबा परत यायचा. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे काकांना आजीनंच शिकवलेलं. त्यात शेंगा असायच्या, नाहीतर बोरं. इतक्या वर्षांत एकदाही डबा हरवला नाही. आणि ही म्हणे टॉय ट्रेन!

हो, रखडायची. श्योपूरला पोचेपर्यंत दिवस जायचा. लोक टपावर बसायचे, ते धोक्याचंच होतं. मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, हवीच होती, नाही कोण म्हणतंय? वाटेवरच्या जौरा गावच्या लोकांची सोय झाली, चांगलंच झालं. पण नवी लाइन घोसीपुऱ्याला शिवतसुद्धा नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, गाडी थांबली ती थांबलीच. दाराला कड्या लावून बसलो होतो आपण सगळे, निरोप कसा देणार? एवढ्या जुन्या गाडीला कोणी हळदकुंकूसुद्धा लावलं नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या मुलाचा तरी काय दोष म्हणा. त्याला कोणी सांगितलंच नसेल. पुढच्या वेळी आला की घरी बोलावणार आहे. डबा अजून माझ्याकडे आहे. परत कुठे उतरवायचा ते गार्डला कळावं म्हणून आजीनं झाकणावर खिळ्यानं कोरून घेतलंय: घोसीपुरा. 'घो'ची मात्रा जरा वाकडी आहे.