मंद आचेच्या मटणाला सुट्टी घ्यावी लागत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश वर्षभरात तीनदा येऊन गेला. थोडक्यात तो असा: ‘मंद आचेवरचं मटण हा घरी थांबणाऱ्यांचा पदार्थ. तीन तास गॅसपाशी उभं राहायला नोकरदाराला वेळ कुठला? कामाच्या दिवशी मोठ्या आचेवर परतून रस आत कोंडायचा, मऊ पडायला सोडा नाहीतर कच्ची पपई लावायची आणि कुकरला सात-आठ शिट्ट्या द्यायच्या. चव तीच, गॅस कमी. आणि त्याच रात्री संपवायचं, कारण उरलेलं मटण म्हणजे विष.’

हे वाचून हिंजवडीत नोकरी करणारी माझी भाची मला म्हणाली, “मावशी, म्हणजे मटण आता हॉटेलातच खायचं.” मी स्वतः वीस वर्षं नोकरी करून आठवड्याच्या मधल्या वारी मटण शिजवत आले आहे. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी हे सविस्तर लिहिते.

‘तीन तास उभं राहावं लागतं’

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. पातेलं दोन तास गॅसवर असतं, हे खरं. तुम्ही तिथं दोन तास नसता. माझी आजी खटाव तालुक्यातली. मटणाचं पातेलं ती चुलीच्या वैलावर सरकवायची, वर पाण्याचं ताट ठेवायची आणि गोठ्याकडे जायची. वैलाला स्वतःचा जाळ नसतो, पुढच्या चुलीची उरलेली धग तेवढी तिथं पोचते. पुढं भाकऱ्या होत आणि मागं मटण शिजत राही. मटण मंद शिजायचं, कारण तिला दुसरी कामं होती.

शहरातही हे नवं नाही. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली इकमिक कुकर काढला. खाली कोळशाचे निखारे, वर डब्यांत भात, डाळ, मटण. लावून द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

माझा बुधवार सांगते. सकाळी डबे भरताना किलोभर मटणाला मीठ, हळद आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून फ्रीजमध्ये ठेवते, सात-आठ मिनिटं. (‘मीठ आधी लावलं की मटण निबर होतं’ हेही कुणाकुणाकडून ऐकते. तसं होत नाही. मीठ आत मुरतं आणि रस धरून ठेवायला मदतच करतं.) संध्याकाळी आठला जाड बुडाच्या पातेल्यात कांदा परतून मटण टाकते आणि त्याला अंगचं पाणी सुटेपर्यंत हलवते. मग ताटात पाणी घालून ते झाकण ठेवते. ताटातलं पाणी तापलं की तेच आत ओतायचं, गार पाणी नको. मटण जेमतेम बुडेल इतका रस झाला की आच इतकी कमी करते की मधूनच एखादा बुडबुडा यावा. इथवर वीस मिनिटं गेली. पुढच्या पावणेदोन तासांत मुलाचा अभ्यास होतो, कपडे वाळत पडतात, आणि मी दोनदा येऊन ताटातलं पाणी बघते. घर सोडून मात्र जाऊ नये, गॅस पेटता असताना कधीच नाही.

दिवसभर घरी कुणी नसेल तर विजेचा स्लो कुकर आहे. सकाळी परतलेलं मटण त्यात टाकायचं, लो वर सात-आठ तास. फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट टाकू नका, ते तापायलाच फार वेळ घेतं. आणि जिथं दुपारी तास-दोन तास वीज जाते, तिथं हा मार्ग मी सुचवणार नाही.

‘कुकरमध्ये चव तीच’

मटण निबर लागतं ते त्यातल्या शिरा-पडद्यांमुळे. त्यातलं कोलॅजन साधारण 70 अंशांच्या पुढं सावकाश विरघळून जिलेटिन होऊ लागतं. मटण मऊ होतं आणि रस ओठांना चिकटतो, तो त्यामुळेच. मंद पातेल्यात रस नव्वदीत असतो. कुकर पूर्ण दाबावर 120 अंशांच्या आसपास पोचतो, म्हणून तेच काम तो वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो. वेळ वाचतो, हे मान्य.

पण त्या तापमानाला ‘झालं’ आणि ‘फुटलं’ यांत जेमतेम काही मिनिटांचं अंतर असतं आणि आत डोकावता येत नाही. शिट्ट्या मोजणं हा तर अंदाजच, कारण शिट्टी आचेवर, पाण्यावर आणि रबरावर अवलंबून असते. घाईत वाफ सोडली की आतला रस एकदम खदखदतो, मटणाचे धागे कोरडे पडतात, चरबी रसात घुसळली जाऊन रस गढूळ होतो. पातेल्यात दीड तासानं एक फोड काढून बोटानं दाबायची. अजून हवं असेल तर पंधरा मिनिटं जास्त. म्हातारा बोकड असेल तर मीही कुकर काढते, त्यात कमीपणा नाही. चव तीच असते, एवढं मात्र म्हणू नका.

मंद आचेला तुकडेही वेगळे लागतात. दुकानात सगळे मांडीचं मागतात. तुम्ही पुढचा पाय, मान, सीना, दोन-तीन नळ्या मागा. कोलॅजन तिथंच जास्त असतं. पुण्याच्या बाजूला बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं मटण मिळतं, त्याला चरबी जास्त असते, तेव्हा तेल निम्मं घाला. परदेशात लॅम्ब म्हणून मिळतं ते वर्षाच्या आतलं कोकरू. त्याचा खांदा घ्या आणि सव्वा तासापासूनच तपासायला लागा.

‘परतून रस कोंडायचा’

ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या 1847 च्या लिखाणातून जगभर पसरली आणि पुढच्या शतकात प्रयोगांनी खोटी ठरली. परतताना चर्र आवाज येतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. परता जरूर, रंगासाठी आणि खमंगपणासाठी.

‘सोडा नाहीतर पपई’

पपईतलं पपेन मटणाच्या वरच्या थरावरच काम करतं. तव्यावर झटपट भाजायच्या पातळ तुकड्यांना ते ठीक. रश्शातल्या मोठ्या फोडी मात्र बाहेरून पिठूळ होतात आणि आत होत्या तशाच राहतात. सोडा जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते. दोन तास मंद शिजणाऱ्या मटणाला दोन्हींची गरजच नाही.

‘गॅस कमी’

कुकरला कमी लागतो, हे मान्य. पण छोट्या बर्नरची सिमवरची ज्योत म्हणजे मोठ्या बर्नरचा भडका नव्हे. 200 वॅटचा स्लो कुकर सात तास चालला तर 1.4 युनिट वीज लागते. आठवड्यातून एकदा मला ते परवडतं.

‘उरलेलं मटण म्हणजे विष’

यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेलं मटण खरंच धोक्याचं. 5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, आणि काहींचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. म्हणून दोन तासांच्या आत मटण फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. मी पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवते, मटण दोन पसरट डब्यांत काढते आणि झोपण्याआधी आत ठेवते. असं ठेवलेलं मटण तीन दिवस उत्तम राहतं. लागेल तेवढंच काढावं आणि नीट उकळावं.

आणि माझ्या वेळापत्रकाचा कणा तर हेच दुसऱ्या दिवसाचं मटण आहे. गुरुवारी डबा उघडला की रस थिजलेला असतो आणि वर चरबीचा पांढरा थर. तो थर चमच्यानं काढून कढईत घालायचा. रविवारी करून ठेवलेलं भाजल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण त्यात तेल सुटेपर्यंत परतायचं, कांदा-लसूण मसाला घालायचा, मग मटण आणि रस. दहा मिनिटं उकळी. शेजारच्या शेगडीवर भाकऱ्या. आठला घरात पाय ठेवला तरी पावणेनऊला आमची ताटं वाढलेली असतात.