शेतकऱ्याला रडवू नका, नियमाला नाचवा

जागतिक व्यापार समजावून सांगणारे ॲनिमेशन व्हिडिओ हल्ली बरेच दिसतात. बहुतेकांत साचा तोच. उंच टोपीचा, सिगार ओढणारा जाडा शेठ, समोर हाडकुळा शेतकरी, मागे करुण बासरी. दोन मिनिटं वाईट वाटतं आणि बोट पुढच्या रीलवर जातं. जगात वाईट माणसं आहेत एवढंच कळतं, आणि ते तर आधीच माहीत होतं.

माझं म्हणणं असं, की या विषयात विनोद वरून पेरावा लागतच नाही. तो करारांमध्ये लिहूनच ठेवलेला आहे. तो गंभीर चेहऱ्याने जसाच्या तसा काढून दाखवायचा.

कापसाचंच घ्या. २००२ साली ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. त्यातली एक योजना भन्नाट होती. अमेरिकी कापूस बाहेरच्या कापसापेक्षा महाग पडायचा, म्हणून तो घेणाऱ्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना सरकारच फरकाचे पैसे द्यायचं! ॲनिमेशनवाल्याला आणखी काय हवं? गिऱ्हाईक 'महाग आहे' म्हणून दुकानातून निघालंय आणि दुकानदाराचा बाप मागून धावत येऊन त्याच्या खिशात नोटा कोंबतोय.

ब्राझील जिंकलं, २००५ मध्ये अपिलातही जिंकलं. अमेरिकेने ही योजना बंद केली, पण बाकीचं बरंचसं तसंच चालू ठेवलं. २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर जादा जकात लावायची, बौद्धिक संपदेच्या हक्कांनाही हात घालायची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे वाटाघाटींना वेग आला. आणि तोडगा काय निघाला? अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचं अनुदान चालू राहावं म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही पैसे! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. वगात हा प्रसंग घातला असता तर फडमालक म्हणाला असता, "एवढं फेकू नको रे, लोक उठून जातील."

इथे प्रेक्षक खदखदून हसेल. बरेच व्हिडिओ इथेच संपतील, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

कारण त्याच खटल्यात आफ्रिकेतले बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होते. माली आणि बुर्किना फासोला सोबत घेऊन २००३ पासून हे चार देश कापसाचा प्रश्न लावून धरत होते. अमेरिकी अनुदानाने जगात पडणाऱ्या भावाची झळ त्यांनाही बसत होती, पण त्या तडजोडीत त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. निकालाची अंमलबजावणी करायला संघटनेकडे पोलीस नाहीत. समोरचा ऐकत नसेल तर जिंकणाऱ्याने स्वतःच जकात लावून त्याला चिमटा काढायचा. ब्राझीलचा चिमटा लागतो. मालीने काढला तर अमेरिकेला कळणार तरी का? लाखभर वस्तीच्या अँटिग्वाने ऑनलाइन जुगाराच्या वादात अमेरिकेला हरवलं, २००७ मध्ये लवादाने वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंतचं प्रत्युत्तर मान्य केलं, २०१३ मध्ये रीतसर परवानगीही मिळाली. पुढे वर्षानुवर्षं हात चोळत बसायची पाळी आली.

म्हणून हसायचं ते नियमावर. आणि शेतकऱ्याला बिचारा करू नका, त्याला सोंगाड्या करा. आपल्या तमाशात सोंगाड्या गरीबच असतो, पण राजाला वेड्यासारखे प्रश्न विचारून तोच उघडा पाडतो. सगळ्यात चांगले संवाद त्याचेच असतात.

विनोदाच्या ओघात अर्धसत्य खपतं, हा आक्षेप मला मान्य आहे. कापसाचा भाव एकट्या अनुदानाने पडत नाही. पॉलिएस्टर आहे, चीनचे साठे आहेत. ते सांगताना एखादा हशा गेला तरी चालेल, पण सांगा.

आणि सगळे खलनायक परदेशी दाखवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. त्याच महिन्यात दिल्लीने कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात वेचणी नेमकी त्याच दिवसांत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि बंदरात जकातमाफीचा कापूस. निर्णय आपल्याच सरकारचा. पण स्वस्त कापूस मिळाला नाही तर तिरुपूरच्या शिलाई कामगारांचं काम जातं, हेही खोटं नाही.

या प्रसंगाचा स्टोरीबोर्ड करायचं डोक्यात आहे. यवतमाळची वेचणारी बाई आणि तिरुपूरची शिवणारी बाई, दोघी एका फ्रेममध्ये, दोघींचंही म्हणणं बरोबर, आणि तरी हशा यायला हवा. अजून जमत नाहीये. वऱ्हाडी संवाद लिहिणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या. मानधन थोडकंच आहे, आधीच सांगून ठेवतो.