खाद्यातून रोज अँटिबायोटिक देण्याचा सल्ला पाळू नका

‘बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडल्यापासून खाद्यात रोज थोडं ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळा, मासे आजारी पडणारच नाहीत. जास्तीचं औषध पाण्यात विरून जातं. मासा शिजवला की जंतू मरतात, खाणाऱ्याला धोका नाही. रेझिस्टन्स ही नुसती आवई आहे.’ हा मेसेज खूप दिवस फिरतो आहे. काल तो आतेभावाने पाठवला, खाली ‘पाकीट आणून ठेवलंय’ असं लिहून. त्याचं गोड्या पाण्याचं मत्स्यतळं आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी ते ‘रोज थोडं’. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. अँटिबायोटिक म्हणजे टॉनिक नव्हे. अपुऱ्या डोसने नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. एरोमोनाससारखे जंतू तळ्यात कायम असतात. गर्दी झाली, पाणी बिघडलं, मासा अशक्त झाला की ते उठतात आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसू लागतात. महिनोन्महिने औषध चारलेल्या तळ्यात अशी साथ आली, तर नेमकं तेच औषध लागू पडत नाही. यालाच रेझिस्टन्स म्हणतात. त्यात आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो, म्हणजे खाद्यातलं औषध जातं धडधाकट माशांच्या पोटात! आणि पहाटे पाण्यावर तोंड काढून मासे मरतात, ते बहुतेकदा प्राणवायू कमी पडल्याने. तिथे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र लागतं. ॲफॅनोमायसिसमुळे होणाऱ्या जखमांचं मूळ बुरशीसारख्या जिवात असतं. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

‘विरून जातं’ हेही अर्धवटच. पाण्यातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन उन्हाने तुटतं, मान्य. पण माशाच्या आतड्यातून ते फार थोडं शोषलं जातं. उरलेलं विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून तळाच्या गाळात जातं. तिथे ऊन पोचत नाही. औषध चिखलाला चिकटून टिकतं आणि गाळातले नाजूक जंतू मरून चिवट तेवढे उरणं चालूच राहतं.

शिजवल्याने जंतू मरतात, हे खरंच आहे. पण धोका फक्त ताटात नसतो. तळ्याचं पाणी बाहेर सोडलं जातं, जाळं ओढणाऱ्याच्या हाताला जखमा असतात, कच्चा मासा साफ करणारी माणसं असतात. मुख्य म्हणजे जंतू आपली प्रतिकाराची जनुकं प्लास्मिडवरून (जंतूमधल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या तुकड्यावरून) दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात 2000 साली एक अभ्यास आला. रुग्णालयाच्या सांडपाण्यातल्या आणि मत्स्यपालनातल्या एरोमोनासांमध्ये टेट्रासायक्लिनला (ऑक्सिटेट्रासायक्लिन याच गटातलं) प्रतिकार करण्याची जनुकं वाहणारी, एकमेकांशी नातं असलेली प्लास्मिडं त्यात सापडली. मासा कितीही उकळा, हा व्यवहार तळ्यात आधीच होऊन गेलेला असतो.

‘आवई’वर फार शब्द घालवत नाही. माणसांमधल्या रेझिस्टन्सला माणसांनी घेतलेली औषधंही जबाबदार आहेत, हे कुणीच नाकारत नाही. म्हणून तळ्याला सूट मिळत नाही. नॉर्वेत 1987 च्या सुमारास सालमन मासे वाढवताना वर्षाला जवळपास 50 टन अँटिबायोटिक वापरलं जाई. पुढे प्रभावी लसी आल्या, वापर 99 टक्क्यांहून जास्त उतरला आणि उत्पादन मात्र अनेक पटींनी वाढलं. सालमनच्या लसी आपल्या तळ्यात चालणार नाहीत, पण औषधाशिवाय धंदा बुडतो हे तरी खोटं ठरलं.

आतेभावाला एवढंच कळवलंय: पाकीट फोडू नकोस. आधी पाण्यातला प्राणवायू आणि अमोनिया तपास, गर्दी कमी कर. तरीही मासे मरत असतील तर आजारी, पण जिवंत मासा प्रयोगशाळेत दे. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे कळल्यावरच तज्ज्ञ सांगतील तो पूर्ण डोस, सांगतील तितके दिवस दे, आणि औषध थांबवल्यावर ठरलेली मुदत संपेपर्यंत मासे विकू नकोस.