उन्हाळी, कोकम आणि ५ लिटर पाणी: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा आला, यावेळी शेजारच्या काकूंनी टाकलेला आणि खाली खास माझ्यासाठी, "हे बघ गो, तुझंच आहे." ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सारखी लघवी, जळजळ, ओटीपोटात कळ म्हणजे अंगातली उष्णता, दुसरं काही नाही. कोकम नाहीतर लिंबू सरबत दिवसातून ३ वेळा. रोज ५ लिटर पाणी. लघवी जितकी दाबून धराल तितकी पिशवी मोठी होते. परत त्रास झाला तर मागचीच अँटिबायोटिक घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तर आजार मनाचा. २१ दिवसांत मुळापासून बरं. शेवटी हात जोडलेले, १० जणांना पाठवा.

काकूंवर राग नाही. पण मी हे ६ वर्षं काढतेय, त्यातली ४ तर आजाराचं नावच माहीत नसताना (इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे जंतू नसताना लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं), आणि या मेसेजमधलं जवळजवळ सगळं मी करून बसलेय.

पहिलं, उष्णता. उन्हाळी लागते हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. एप्रिलमध्ये दिवसभर काजू गोळा करायचे, घामाने भिजायचं, पाणी दोन घोट, मग लघवी घट्ट होते आणि जळजळते, पाणी पोटात गेलं की एकदोन दिवसांत जातं. माझं आषाढात चालू होतं. बाहेर पाऊस कोसळतोय, अंगावर गोधडी, आणि मी रात्री पाचव्यांदा छत्री घेऊन मागच्या दाराने संडासला चाललेय. ही कुठली उष्णता? मूतखडा म्हणून कुळथाचं पाणी पण झालं, सोनोग्राफीत खडा नव्हताच.

आता कोकम. यावर जरा जास्त बोलणार कारण आमच्याकडे दर मे महिन्यात सरबत होतं, विकायला. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, बोटं आठवडाभर लाल. बोटाला कुठे चीर असेल आणि त्यात तो रस गेला की कसं झोंबतं ते रातांबे फोडणाऱ्या बाईला सांगायला नको. आणि मी काय करत होते, तर ओटीपोटात ठणका लागला की कोकम थंड म्हणून पेला भरून प्यायचे, तासाभरात आणखी ठणका, मग आणखी एक पेला. थंड असेल हो, पण आंबट आहे ना! हा आजार असलेल्या पुष्कळ जणांना आंबट, टोमॅटो, चहा-कॉफी, सोड्याची पेयं, तिखट, दारू यातलं काही ना काही त्रास देतं. सगळ्यांना सगळं नाही. म्हणून डॉक्टर संशयातलं सगळं काही आठवडे बंद करायला सांगतात आणि मग एकेक परत घेऊन बघायचं. माझं म्हणाल तर आगळ म्हणजे कोकमाचा रस, लिंबू, कैरी आणि चहा बाद, हापूस चालतो, आणि तिरफळ घातलेला बांगडासुद्धा चालतो हे माझं नशीब. चहा सोडणं सगळ्यात कठीण गेलं, पाहुणे आले की अजून जीव जातो.

५ लिटर पाणी. याचं साधं गणित करा. धडधाकट माणसाची लघवीची पिशवी ४०० ते ५०० मिली धरते. डॉक्टरांनी मला ३ दिवस वही लिहायला लावली, किती वाजता, किती मिली, दुखणं १० पैकी किती. मी खुणा असलेला प्लास्टिकचा जुना मग संडासात ठेवला. वहीतल्या नोंदी ९०, ११०, ७०, १००. दुखणं जायच्या आधी ७, जाऊन आल्यावर ३, अर्ध्या तासात परत ५. आता माझ्यासारखीने ५ लिटर प्यायचे म्हणजे, घामात थोडं गेलं तरी, दिवसाला ४० फेऱ्या! बरं, पाणी तोडलं तरी लघवी घट्ट होऊन झोंबतेच. थोडं थोडं दिवसभर, रंग फिका राहील इतपत, हे मला जमतं. आणि ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यांना हा ५ लिटरचा सल्ला धोक्याचाच आहे, ग्रुपवर तशी माणसं आहेत.

त्या वहीनेच खरं काम केलं. पिशवी भरत आली की दुखणं वाढतं आणि रिकामी झाली की उतरतं, ही या आजाराची मोठी खूण. ६ वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो पाचव्या डॉक्टरांनी.

दाबून धरायचं म्हणाल तर ते मी दापोली-मुंबई एसटीत नाइलाजाने करतच होते, कंडक्टरला सांगायची लाज, पदर तोंडात धरून माणगावपर्यंत. पिशवी काही मोठी झाली नाही, ओटीपोटाखालचे स्नायू मात्र आखडून दगड झाले. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं की यांना सैल करायचंय. हे स्नायू आवळायचे जे व्यायाम मोबाईलवर फिरतात ते या आजारात टाळायचे असतात. आता मी खेडहून ट्रेन पकडते, डब्यात संडास तरी असतो.

अँटिबायोटिक. लघवीत खरंच जंतू असतील तर औषध लागतंच, पण ते कल्चर करून, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघून. साध्या लघवी तपासणीवर भागत नाही, कल्चरला दोनेक दिवस लागतात म्हणून कोणी थांबत नाही. माझी ३ कल्चर कोरी आली आणि तरी मी ७ कोर्स घेतले, जुनी चिठ्ठी दाखवली की मिळायच्या गोळ्या. दोन दिवसांनी बरं वाटायचं, मला वाटायचं गोळीने. असा भडका आपला आपणही उतरतो हे नंतर कळलं. जंतूच नाहीत तर गोळी मारणार कोणाला?

आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचा आजार, याच्यावर मी खरी चिडते. या दुखण्याचं निदान होतंच असं, की सहा आठवड्यांहून जास्त त्रास आहे, आणि जंतू नाहीत, खडा नाही, दुसरं कारण सापडत नाही. म्हणजे कोरा रिपोर्ट हा निदानाचा भाग आहे, तो दाखवून बाईला घरी पाठवायचं नसतं. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव १८८७ पासून आहे, हल्ली ब्लॅडर पेन सिंड्रोम पण म्हणतात. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या हनर नावाच्या डॉक्टरने पिशवीच्या आतल्या जखमांचं वर्णन केलं, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. दुर्बीण घालून त्या दिसल्या तर जाळून बऱ्याच जणांना आराम पडतो, पण त्या थोड्याच पेशंटना असतात. मला नव्हत्या. दिसलं नाही म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे?

मला रात्री अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. मोठ्या डोसात ती नैराश्यावर देतात, छोट्या डोसात नसांच्या दुखण्यावर. वैनीने मोबाईलवर शोधलंन आणि आठवड्यात अख्ख्या वाडीत झालं की मला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. असो. अशा दुखण्याने झोप उडते, माणूस रडकुंडीला येतो, ते दुखण्यामुळे, उलट नाही.

बायकांचाच आजार असंही खाली कोणीतरी लिहिलंय. बायकांत जास्त, पण पुरुषांनाही होतो, आणि त्यांची वर्षं प्रोस्टेटच्या गोळ्यांत जातात.

२१ दिवसांचं काय बोलायचं! या आजारासाठी म्हणून अमेरिकेत १९९६ मध्ये एक गोळी मंजूर झाली, पेंटोसन, आणि तिच्याही लेबलवर २०२० मध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते असा इशारा घालावा लागला. मला आता रात्री एकदोनदाच उठावं लागतं, महिन्यातून एखादा वाईट आठवडा येतो. मुळापासून वगैरे काही नाही.

एक मात्र, लघवीतून रक्त गेलं, ताप आला, वजन उतरायला लागलं तर माझं हे पण वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. आपल्याकडे टीबी पिशवीतही होतो आणि तो साध्या कल्चरमध्ये उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. पिशवीत गाठही असू शकते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकायच्या आधी काकूंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "अगो मग तू माझ्याकडे सोलकढी का पीत होतीस इतकी वर्षं?" परवा जेवायला बोलावलं तर माझी वाटी वेगळी काढलेली, आगळ न घालता. म्हणजे नुसता नारळाचा रस, वर कोथिंबीर.