व्हीला हिरो म्हणणाऱ्यांनी ईव्हीच्या कोठडीची पानं वाचली आहेत का?

पाच नोव्हेंबर जवळ आला की 'व्ही फॉर व्हेंडेटा'वरची ती पोस्ट फिरायला लागते. पांढरा हसरा मुखवटा, मागे जळतं पार्लमेंट, आणि खाली लांबलचक मराठी मजकूर. यंदा ती मला भाचीने पाठवली. बारावीत आहे. सोबत लिहिलं होतं, 'मावशी, माझ्या मैत्रिणीला तिच्या बॉयफ्रेंडने पाठवलीय, म्हणतो मी तुझ्याशी कडक वागतो ते असंच, तुला स्ट्राँग करायला. तू कॉमिक वाचलंयस ना, त्यात खरंच असं आहे?'

म्हणून हे लिहितेय, नाहीतर पिक्चरवरच्या पोस्टींना उत्तर देत बसायला मला वेळ नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: 'व्ही फॉर व्हेंडेटा'मधला व्ही हा खरा हिरो, कारण तो गाय फॉक्स या जनतेसाठी लढलेल्या क्रांतिकारकावर बेतलाय; त्याने एकाही निरपराध माणसाला हात लावला नाही; ईव्ही या मुलीला कोंडून छळलं ते प्रेमापोटी, त्याशिवाय ती निर्भय झाली नसती; आपल्या भगतसिंगांनी केलं तेच त्याने केलं; आणि जे त्याला राक्षस म्हणतात ते सगळे हुकूमशाहीचे चमचे. शेवटी 'सहमत असाल तर शेअर करा'.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हे मूळ ब्रिटिश कॉमिक, लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार डेव्हिड लॉइड. १९८२ पासून 'वॉरियर' मासिकात ब्लॅक अँड व्हाइट यायचं, मासिक बंद पडलं म्हणून अर्धवट राहिलं, मग १९८८-८९ मध्ये डीसी या अमेरिकन कंपनीने रंगीत दहा अंकांत पूर्ण केलं. अणुयुद्धानंतरचं ब्रिटन, नॉर्सफायर नावाच्या फॅसिस्ट पक्षाचं राज्य, काळे, आशियाई, समलिंगी, डावे सगळे छळछावण्यांत. लार्कहिलच्या छावणीत पाच नंबरच्या खोलीत ज्याच्यावर इंजेक्शनांचे प्रयोग झाले तो कैदी सगळं पेटवून निसटतो, मुखवटा घालतो आणि एकेकाला गाठून मारत, एकेक सरकारी इमारत उडवत सुटतो. तो व्ही. २००६ मध्ये पिक्चर आला, ज्यावरून मूरने स्वतःचं नावसुद्धा काढून घेतलं. पोस्टवाल्याने फक्त पिक्चर बघितलाय, तोही बहुतेक रील्समधून, हे पहिल्या चार ओळींत कळतं.

गाय फॉक्सचं आधी उरकते. हा माणूस जनतेसाठी वगैरे लढत नव्हता. ५ नोव्हेंबर १६०५ चा तो कट कॅथलिकांचा होता, म्होरक्या रॉबर्ट केट्सबी, फॉक्सकडे फक्त तळघरातली छत्तीस पिंपं बंदुकीची दारू सांभाळून पेटवायचं काम. पार्लमेंट उडवायचं, राजा पहिला जेम्स त्यात मारायचा, आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला, एलिझाबेथला, गादीवर बसवून आपल्या पंथाचं राज्य आणायचं. एक राजा घालवून दुसरं बाहुलं बसवायचं, यात अनार्किझम, म्हणजे कोणाचीच सत्ता नको हा व्हीचा विचार, कुठे आला? कॅथलिकांचा छळ होत होता हे खरं, तेवढं मान्य. पण कॉमिकमध्ये फॉक्सचा मुखवटा आला तो लॉइडला तशी कल्पना सुचली म्हणून, व्ही फॉक्सचा राजकीय वारस आहे म्हणून नाही. आणि 'जनतेने सरकारला घाबरू नये, सरकारने जनतेला घाबरावं' हे वाक्य पोस्टमध्ये फॉक्सच्या नावावर खपवलंय, ते पिक्चरचं वाक्य आहे. सोडा.

आता 'एकाही निरपराधाला हात लावला नाही'. तुम्ही ज्या पिक्चरच्या जोरावर बोलताय त्यातच बघा की. टीव्ही स्टेशनवर तो तिथल्या कर्मचाऱ्यांना स्वतःसारखे मुखवटे चढवतो आणि आत घुसणाऱ्या पोलिसांच्या बंदुकांसमोर सोडतो. ते पोटासाठी नोकरी करणारे लोक. पुढे तो हजारो घरी मुखवटे पाठवतो, आणि चष्मेवाली एक छोटी मुलगी तो मुखवटा घालून भिंतीवरच्या पोस्टरवर व्ही रंगवते तेव्हा सरकारी माणूस तिला गोळी घालतो. गोळी सरकारची, बरोबर. पण कोणीतरी कधीतरी असा मूर्खपणा करणार आणि मग भडका उडणार, हे त्या प्लॅनमध्ये धरलेलंच होतं, इन्स्पेक्टर फिंच ते पिक्चरमध्येच सांगतो. म्हणजे कोणाचं तरी मूल मरणार हे हिशोबात होतं.

कॉमिकमध्ये तर रोझमेरी आल्मंड आहे, जिचं नाव या पोस्टींमध्ये कधीच येत नाही. नवरा सरकारी अधिकारी, घरी तिला मारणारा. व्ही नवऱ्याला ठार करतो, तो प्रश्नच नाही, नवरा बंदूक घेऊन आला होता. पण नंतर ही बाई रस्त्यावर येते, पैसा नाही, कोणी विचारत नाही, शेवटी क्लबमध्ये अर्ध्या कपड्यांत नाचायची वेळ येते, आणि त्या अपमानातून ती एक दिवस पिस्तूल घेऊन सर्वोच्च नेत्याला गोळी घालते. तिचा काय गुन्हा होता? आणि लार्कहिलची डॉक्टर डेलिया सरिज, तिचा गुन्हा भयंकर होता, पण ती इतकी वर्षं त्या पश्चात्तापातच जगत होती, आणि ती झोपेत असतानाच व्हीने तिला विषाचं इंजेक्शन दिलेलं असतं. जागी झाल्यावर ती माफी मागते. उशीर झालेला असतो.

यापेक्षा जास्त मला ज्यावर बोलायचंय ते ईव्हीचं.

कॉमिकमधली ईव्ही हॅमंड सोळा वर्षांची आहे. पिक्चरमध्ये तिला मोठी आणि टीव्ही स्टेशनवर नोकरीला दाखवलीय, त्यामुळे लोकांना हे माहीतच नसतं. सोळा. आईवडील गेलेले, कारखान्यात राबते, पैसे पुरत नाहीत म्हणून पहिल्यांदा रस्त्यावर उभी राहते आणि पहिल्याच रात्री गुप्त पोलिसांच्या हाती लागते. व्ही तिला वाचवतो. वाचवतो हे खरंच. मग काय करतो? लहान मुलींच्या मागे लागणाऱ्या बिशपकडे तिला आमिष म्हणून पाठवतो. तिला तिथे काय होणार याची कल्पना नसते, नंतर खून झाल्याचं कळल्यावर ती हादरते आणि स्पष्ट सांगते, मी यापुढे खुनात मदत करणार नाही. त्यानंतर एक दिवस तो तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला बाहेर नेतो आणि भर रस्त्यात एकटीला सोडून निघून जातो.

तिला गॉर्डन नावाचा माणूस आसरा देतो, त्यालाही गुंड मारतात, ती बदला घ्यायला पिस्तूल घेऊन क्लबबाहेर उभी असते आणि मागून कोणीतरी तिला पकडतं. जाग येते ती कोठडीत. डोकं भादरलेलं. कोपऱ्यात उंदीर. अंधारात बसलेला चौकशी अधिकारी, पाण्यात डोकं बुडवणं, रोज तेच प्रश्न. भिंतीतल्या भोकात तिला टॉयलेट पेपरवर लिहिलेली चिठ्ठी सापडते, व्हॅलेरी नावाच्या नटीची, जी बाईवर प्रेम केलं म्हणून छावणीत मेली. त्या चिठ्ठीवर ती तग धरते. शेवटी तिला कबुलीजबाब समोर ठेवतात, सही कर नाहीतर शेडमागे नेऊन गोळी, आणि ती म्हणते गोळी घाला. मग दार उघडतं, ती बाहेर येते, पहारेकरी बघते तर पुतळा. अधिकारी पुतळा. आवाज टेपचा. कोठडी व्हीच्या घरातली. सगळं त्यानेच केलेलं.

ती किंचाळते, तिला श्वास घेता येत नाही, आणि तो तिला समजावतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून केलं, तुला मोकळं करायचं होतं.

पोस्टवाल्या, हे वाक्य तुला ओळखीचं वाटत नाही? घरात बायकोला मारणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या दिवशी हेच बोलतो. 'तुझ्या भल्यासाठी.' एका अनाथ मुलीला, जिला जगात दुसरं कोणी उरलं नाही, कोंडून उपाशी ठेवायचं, तिचे केस कापायचे, बुडवायचं, मारून टाकू म्हणायचं, आणि मग मिठीत घेऊन सांगायचं की बघ, आता तू घाबरत नाहीस. लार्कहिलमध्ये डॉक्टरांनी त्याच्यावर त्याच्या संमतीशिवाय प्रयोग केला, त्याने हिच्यावर हिच्या संमतीशिवाय केला. फरक सांगा मला. आणि लार्कहिलने व्हीला एवढं ताकदवान केलं म्हणून लार्कहिल बरोबर होतं असं कोणी म्हणत नाही, मग ईव्हीच्या बाबतीत तेच कसं काय चालतं?

'पण ती शेवटी त्याला माफ करते ना, गच्चीवर पावसात उभी राहून मोकळी होते ना.' हो. होते. ती पानं लॉइडने इतकी सुंदर काढलीत की माझ्याही अंगावर काटा येतो दरवेळी. पण ती उभी राहिली ते व्हॅलेरीच्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी खरी होती, त्या सगळ्या नाटकात तेवढीच खरी, आणि ती मरणाऱ्या एका बाईने लिहिली होती, व्हीला ती त्याच्या कोठडीत मिळाली होती. तो ईव्हीला ती चिठ्ठी चहा पाजून, समोर बसवूनही वाचायला देऊ शकला असता. तिने जे सोसलं त्यातून ती काही कमावून बाहेर आली तर ती कमाई तिची, सोसायला लावणाऱ्याची नाही.

आणि पुढे काय होतं ते हे लोक कधीच सांगत नाहीत. व्ही तिला गुलाबाचं झाड दाखवतो. तो ज्याला मारायचा त्याच्यासाठी गुलाब ठेवतो, हे तिला माहीत असतं. गॉर्डनला मारणाऱ्या गुंडासाठी एक फूल आहे, तू फक्त खुड, बाकी मी बघतो. ती नाही खुडत. राहू दे, म्हणते. म्हणजे त्याच्या 'ट्रेनिंग'मधून बाहेर आल्यावरही तिने पहिलं काम काय केलं, तर त्याच्यासारखं व्हायला नकार दिला. ज्या मुलाने हे मुलीला पाठवलं त्याने निदान हे पान तरी पाठवायचं.

भगतसिंगांवर येते, कारण ते वाचून माझं डोकं खरंच सणकलं. दोन्हीकडे बॉम्ब आहे म्हणून दोन्ही सारखं? सारखं नाही, पण संबंध आहे, आणि तो पोस्टवाल्याला माहीतसुद्धा नाही: ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत जी पत्रकं टाकली त्यात बहिऱ्यांना ऐकू जायला मोठा आवाज लागतो हे शब्द ज्याचे म्हणून दिलेत तो ऑग्युस्त वैयां, फ्रेंच अनार्किस्ट, त्याने १८९३ मध्ये पॅरिसच्या संसदेत बॉम्ब टाकला होता. भगतसिंगांनी १९२८ मध्ये 'किरती' मासिकात अनार्किझमवर लेखही लिहिले होते. म्हणजे विचार त्यांना नीट माहीत होता. पण त्यांनी बॉम्ब रिकाम्या बाकांकडे टाकले, कोणी मरू नये असे मुद्दाम हलके, काहींना किरकोळ जखमा झाल्या तेवढ्याच. आणि मग पळाले नाहीत. चेहरा उघडा ठेवून उभे राहिले, पकडून घेतलं, कोर्टात निवेदन दिलं, त्यात माणसाच्या जिवाचं मोल आम्हाला किती वाटतं हे सांगितलं. त्याआधी साँडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याला मारल्यावर लावलेल्या पत्रकातसुद्धा माणूस मारावा लागला याचं दुःख लिहिलंय. त्यांची हिंसा पटो न पटो, असेंब्लीतल्या बॉम्बची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या नावाने घेतली, आणि भगतसिंग पुढे साँडर्सच्या खटल्यात फासावर गेले. व्हीला नाव नाही, चेहरा नाही, कोणाला जाब द्यायचा नाही. राजगुरूंच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागतो याचा मला राग येतो.

राहिलं 'त्याला राक्षस म्हणणारे हुकूमशाहीचे चमचे'. नॉर्सफायर राक्षसी होतं, ते पडायलाच हवं होतं, आणि ते अर्ज विनंत्या करून पडलं नसतं. हा मुद्दा पोस्टचा बरोबर आहे, मी तो देऊन टाकते. मूरने हे हवेतून आणलं नव्हतं. १९८८ च्या प्रस्तावनेत तो लिहितो की पंतप्रधान थॅचरबाईंची तिसरी टर्म चालू आहे, पेपरात एड्सच्या रुग्णांना छावण्यांत ठेवायच्या गप्पा चालल्यात, आणि आपण बायकापोरं घेऊन देश सोडायचा विचार करतोय. तो स्वतः अनार्किस्ट आहे. त्याला व्हीला धुतल्या तांदळासारखा करणं सहज जमलं असतं, उलट त्याने फॅसिस्टांना घरदार असलेली साधी माणसं म्हणून रंगवलं, आणि व्ही बरोबर आहे की वेडा हे वाचकाने ठरवावं असं तो मुलाखतींतही बोललाय. तुमच्या पोस्टने वाचकाचं ते कामच काढून घेतलं.

शिवाय व्हीचं स्वतःचं काय मत होतं, तेही पुस्तकात आहे. तिसऱ्या भागात तो ईव्हीला सांगतो की अनार्कीला दोन तोंडं असतात, एक मोडणारं आणि एक घडवणारं. मोडणारे साम्राज्य पाडतात, जागा मोकळी करतात, आणि एकदा ढिगारा झाला की त्यांचं काम संपलं, मग स्फोटकंही नकोत आणि मोडणारेही नकोत, नव्या जगात त्यांना जागा नाही. हे तो स्वतःबद्दल बोलतोय! आणि तसंच वागतो, फिंचच्या गोळ्या अंगावर घेतो आणि मरतो. मुखवटा ईव्ही घालते. शेवटचा स्फोट तीच करते, हे खरं, त्याचं प्रेत आणि स्फोटकं भरलेली ट्रेन डाउनिंग स्ट्रीटखाली पाठवते. पण तिने आधीच मनाशी ठरवलंय की मी लोकांना उभं करायला मदत करेन, मारायला नाही. आणि दंगलीत जखमी झालेला फिंचचा हाताखालचा माणूस, डॉमिनिक, म्हणजे सरकारचाच पोलीस, त्याला ती उचलून आपल्या घरी आणते.

मला विचाराल तर व्ही हा राक्षसांनी बनवलेला राक्षस आहे, ज्याने एक बरोबर काम केलं. त्याच्याबद्दल वाईट वाटतं, त्याचं बोलणं भारी वाटतं, पण सोळा वर्षांच्या मुलीला कोठडीत टाकणाऱ्याला मी हिरो म्हणणार नाही. आणि यामुळे कोणी मला चमची म्हणणार असेल तर त्याने आधी तिसरा भाग काढावा, मोडणारे आणि घडवणारे हे बोलणं आहे ते प्रकरण वाचावं, आणि मग ती पोस्ट डिलीट करावी. ज्या मुलींना पाठवली असेल त्यांना तसं कळवावंसुद्धा.