मुलांच्या डब्यातल्या सलामीबद्दल

चिकन सलामी, चिकन सॉसेज, हॅम या गोष्टी मुलांच्या डब्यात रोज जाता कामा नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढदिवसाला दोन सॉसेज खाल्ले म्हणून काही बिघडत नाही. पण इथे गोव्यात, फोंड्यात, माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सोमवार-गुरुवारचे शिवराक, म्हणजे शाकाहारी, वार सोडले तर डब्यात ब्रेड आणि आत सलामीच्या गुलाबी चकत्या, हेच चाललंय. तेही मुलांना प्रोटीन मिळावं म्हणून! आईवडिलांचा हेतू इतका चांगला असताना असं व्हावं, याचं वाईट वाटतं.

परवा शेजारच्या वहिनींकडे हा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "अगो, चिकनच ना ते? पोर्क-बीफ थोडंच देतोय आम्ही?" आपल्या हिंदू घरांत हा समज अगदी घट्ट बसलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ऑक्टोबर 2015 मध्ये 10 देशांतल्या 22 तज्ज्ञांना बसवून प्रक्रिया केलेलं मांस 'गट 1' मध्ये टाकलं. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्याने होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्याचा अर्थ. मीठ लावून, मुरवून, आंबवून, धुरावर धरून टिकवलेलं कुठलंही मांस त्यांच्या व्याख्येत येतं आणि त्यात कोंबडीही धरलेली आहे. अभ्यास मुख्यतः पोर्क आणि बीफ खाणाऱ्यांवर झालेत हे खरं, आणि ज्याचा कर्करोगाशी संबंध जोडला जातो ते तांबड्या मांसातलं हीम लोह कोंबडीत कमी असतं हेही खरं. पण मीठ आणि नायट्राइट तर चिकन सलामीतही असतंच.

एकदा पाकीट उलटं करून वाचा. साहित्याच्या यादीत चिकनच्या मागोमाग पाणी, तेल, स्टार्च, सोया प्रोटीन, मीठ, आणि मग बारीक अक्षरांत 'प्रिझर्वेटिव्ह (आयएनएस 250)'. हे 250 म्हणजे सोडियम नायट्राइट. घरी शिजवलेली कोंबडी पांढरट-करडी होते, सलामी मात्र आठवडाभर गुलाबी राहते, ती याच्यामुळे. ते उगाच घालत नाहीत. बोट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधा करणारे जंतू त्याने रोखले जातात. पण त्यातूनच पोटात, आणि कडक तव्यावर परततानाही, नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. त्याच पाकिटावर सोडियमचा आकडाही बघा. 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर ते झालं 2 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना तर त्याहून कमी.

उगाच घाबरवायचंही नाही मला. 'सलामी म्हणजे सिगारेट' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते चूक आहेत. तंबाखूही गट 1 मध्येच आहे, पण गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे एवढंच. धोका किती मोठा, हे त्यातून कळत नाही. जगात तंबाखूमुळे कर्करोगाचे वर्षाला सुमारे 10 लाख मृत्यू होतात, प्रक्रिया केलेलं मांस जास्त खाल्ल्याने सुमारे 34 हजार, असा 2015 च्या वेळचा अंदाज होता. रोज 50 ग्रॅम, म्हणजे चार-पाच चकत्या, खाल्ल्या तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण 18 टक्क्यांनी वाढतो. समजा 100 माणसांत 5 जणांना तो आयुष्यात कधीतरी होणार असेल, तर रोज खाणाऱ्या 100 माणसांत तो 6 जणांना होईल. एका घरापुरता हा फरक छोटा वाटेल. पण सवय सहाव्या वर्षी लागली तर ती पुढे पन्नास-साठ वर्षं सोबत राहते, आणि माझी सगळी काळजी त्या 'रोज'ची आहे. हृदयाचंही तसंच. 2010 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण 42 टक्क्यांनी जास्त दिसलं. साध्या, ताज्या तांबड्या मांसात तसा संबंध दिसला नाही.

मग चोरीसचं, म्हणजे आपल्या गोव्याच्या पोर्क सॉसेजचं काय, असं लगेच कुणीतरी विचारणार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या लालभडक माळा लटकलेल्या असतात, मीठ-मिरची आणि माडाच्या व्हिनेगरचा वास लांबूनच येतो. चोरीसही त्याच व्याख्येत बसतो, आणि बऱ्याच पाककृतींत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असतोच. गोव्याचा आहे म्हणून त्याला सूट देता येणार नाही. फरक खाण्याच्या रीतीत होता. पुरुमेंत म्हणून पावसासाठी साठवायचा, चार मणी काढून भरपूर कांदा-बटाट्यात परतायचे आणि घरभर पुरवायचे. आता गाड्यावरचा चोरीस-पाव रोजचा नाश्ता झालाय, पिझ्झ्यावर चोरीस, फ्राइड राइसमध्येही चोरीस.

घरात कुणी गरोदर असेल तर फ्रीजमधली सलामी तशीच थंड खायला मुळीच देऊ नका, वाफ येईपर्यंत गरम करा. लिस्टेरिया नावाचे जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात. 2017-18 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या अशाच तयार मांसातून त्यांची साथ पसरली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत तान्ही बाळं खूप होती. आपल्याकडे पावसात तासन् तास वीज नसते. अशा वेळी छोट्या दुकानांतल्या फ्रीजरचं काय होत असेल, याचा विचार घेण्याआधी जरूर करा.

मला कळतं की सकाळी सहाला उठून डबा भरणाऱ्या बाईला सलामी सोयीची पडते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, नुस्तं (मासे) महाग, तेव्हा तर जास्तच. पण रात्रीच्या चिकनमधले चार तुकडे बाजूला काढून, हाडांवरून सोडवून पावात भरता येतात. उकडलेलं अंडं आहे, आळसान्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी आहे, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव दारात येतोच. आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मी मागणी करणार आहे की कँटीनमधला सॉसेज रोल बंद करून पातळभाजी-पाव आणि अंडा-पाव ठेवा. ज्यांची मुलं त्याच शाळेत आहेत त्यांनी सोबत या. बाकीच्यांनी आपापल्या शाळेत विचारून बघा, आणि काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.