डोळ्यांत पाणी आलं, की शॉट ओके

सासूबाईंना ऐकू येईनासं झाल्याला आता तीन वर्षं होतील. कानाचं यंत्र त्यांना सहन होत नाही, सारखी खरखर होते म्हणतात. पण संध्याकाळी साडेसात वाजले की त्या आपल्या खुर्चीत येऊन बसतात आणि मालिका बघतात. टीव्हीचा आवाज मी बंदच ठेवते. त्यांना ऐकू येत नसताना मी एकटीने ऐकायचं, हे मनाला बरं वाटत नाही. त्यामुळे गेली तीन वर्षं मीही मालिका मुक्याने बघतेय.

एक दिवस नायिका ढसाढसा रडत होती. सासूबाई गप्प होत्या. मग एक क्षणभर मागे उभी असलेली, घरात काम करणारी म्हातारी बाई दिसली. तिने पदर तोंडाकडे नेला आणि अर्ध्यातच हात थांबवला. बस्स, एवढंच. सासूबाई पटकन म्हणाल्या, "हिला आधीच माहीत होतं गं."

पुढच्या दोन-तीन भागांत तेच निघालं. त्या बाईंना सगळं आधीपासून ठाऊक होतं. ते काम करणाऱ्या अभिनेत्रीचं नाव मला आजही माहीत नाही. पण हे त्यांनी संवाद नसताना, कॅमेरा जेमतेम दोन सेकंद त्यांच्यावर असताना सांगितलं होतं. ज्या मुलीने पाच मिनिटं रडून दाखवलं तिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी सगळीकडे "काय अप्रतिम अभिनय!" चाललेलं होतं.

तेव्हापासून हे मनात आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय. मालिकेतला भावनिक प्रसंग बघून आपण ज्याला अभिनयाचं कौतुक म्हणतो, ते बहुतेक वेळा त्या प्रसंगाचं कौतुक असतं. मूल हरवलं, नवरा दुसऱ्या बाईकडे गेला, आईने घर सोडलं, की आपल्याला आपलंच काहीतरी आठवतं, गळा दाटून येतो आणि त्याचं श्रेय आपण समोरच्या चेहऱ्याला देऊन टाकतो. मार्क कथेला पडतात, नाव कलाकाराचं लागतं. उरलेलं काम पार्श्वसंगीत करतं. आवाज बंद करून बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की अर्ध्याअधिक प्रसंगांत रडत असते ती बासरी.

वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे बघा. सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट कुटुंब. मतं प्रेक्षकांची. आता सर्वोत्कृष्ट सून म्हणजे नक्की काय? सुनेची भूमिका उत्तम केली म्हणून, की ती सून गुणाची आहे म्हणून? मत देणारी माझी मावशी स्पष्ट सांगते, "ती किती सहन करते गं, तिलाच द्यायला हवं." मावशीचं चूक नाही. प्रश्नच तसा विचारला आहे. अमेरिकेत दिवसा लागणाऱ्या मालिकांसाठी डेटाइम एमी पुरस्कार आहेत. तिथे कलाकार वर्षभरातले आपले निवडक प्रसंग परीक्षकांकडे पाठवतात. सुसान लुची या अभिनेत्रीला तिथे १८ वेळा नामांकन मिळून पुरस्कार हुकला आणि १९९९ साली, एकोणिसाव्या नामांकनाला मिळाला. ती पद्धत आपल्यापेक्षा बरी, निदान कुणीतरी काम बघतं. पण निवडून पाठवायचं म्हटलं की कोण चहा गाळतानाचा प्रसंग पाठवेल? तिथेही जास्त भाव खाऊन जाणार ते आक्रोशच.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा, आवाज फाटणं, थरथर, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. आठांपैकी अश्रू एक! आणि तो बाटलीतून आणता येतो. ग्लिसरीनचे दोन थेंब, झालं काम. आवाज फाटणं मात्र बाटलीत मिळत नाही. म्हणून मी अलीकडे आधी आवाज बघते (हो, टीव्हीचा आवाज बंद असला तरी दिसतो, गळ्याच्या शिरा आणि श्वास बघा), मग थिजणं बघते आणि डोळ्यांतलं पाणी सगळ्यात शेवटी.

हे सगळं मी सोफ्यावर बसून बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत मला चार दिवसांचं काम मिळालं होतं. हॉस्पिटलचा ट्रॅक होता आणि मी नर्स. एकूण तीन वाक्यं. बाकी वेळ सलाइनच्या स्टँडजवळ उभं राहायचं. मुख्य अभिनेत्रीचा वडिलांच्या खाटेशेजारचा मोठा प्रसंग होता. सकाळी नऊचा कॉल टाइम, प्रसंगाची पानं तिच्या हातात आली दुपारी, कारण बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपलेली आणि भाग दुसऱ्या दिवशी टेलिकास्टला जायचा होता. आधी मास्टर झाला (सगळे एका फ्रेममध्ये), मग सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा), मग क्लोज (फक्त चेहरा). तिचा क्लोज लावेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले. वडिलांचं काम करणारे ज्येष्ठ नट त्यांच्या वेळेप्रमाणे निघून गेले होते. खाटेवर उशी होती. कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून एक सहायक मुलगा वडिलांची वाक्यं सपाट आवाजात वाचून तिला क्यू देत होता. त्या उशीकडे बघून तिला "बाबा" म्हणायचं होतं.

तालमीत तिने एक गोष्ट केली. बोलता बोलता चादरीची कड बोटांनी दुमडत गेली, एक घडी, त्यावर दुसरी घडी, आणि "मला माफ करा" या वाक्याला ती सगळी घडी तिने एकदम सोडून दिली. रडली नाही. सलाइनचा स्टँड धरून मी तिथे उभी होते आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पलीकडे लाइटवाला दादा उभा होता, तोही स्तब्ध झाला. मग टेक झाला. ग्लिसरीन घातलं होतं, पाणी आलं, वाक्य मात्र जरा घसरलं. तिला ते कळलं. ती म्हणाली, "सर, अजून एक घेऊ या का?" उत्तर आलं, "नको, पाणी छान आलंय. पुढचा शॉट."

दिग्दर्शकाला मी दोष देत नाही. दिवसाला वीस-बावीस मिनिटांचं फुटेज काढायचं, डोक्यावर वाहिनी, दर गुरुवारी येणारा टीआरपी. पण या कामाचं मोजमाप करायचं तर ही परिस्थिती धरूनच करायला हवं. उशीकडे बघून खरं बोलता येणं हे नाटकातल्या किंवा सिनेमातल्या अभिनयापेक्षा कमी प्रतीचं कौशल्य नाही. "मालिकेत काय अभिनय करायचा असतो" असं नाक मुरडणाऱ्यांचा म्हणूनच मला मनापासून राग येतो. रोहिणी हट्टंगडी यांना 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच रोहिणीताईंनी २००१ ते २०१३ 'चार दिवस सासूचे'मध्ये आशालता देशमुख उभी केली. तीन हजारांहून जास्त भाग. एकच बाई अकरा वर्षं रोज नव्याने करायची, पुढे कथा कुठे जाणार हे माहीत नसताना! याची तुलना कशाशी करणार?

कथा बाजूला काढून फक्त अभिनय कसा तोलायचा, असं कुणी विचारलं तर आपल्याकडे एक सोन्यासारखं उदाहरण आहे. २०१९ साली बंगालीत 'श्रीमयी' आली, इंद्राणी हालदार यांची. तीच गोष्ट त्याच डिसेंबरात मराठीत 'आई कुठे काय करते' म्हणून आली, २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' झाली. तेलुगूत कस्तुरी शंकर, मल्याळममध्ये मीरा वासुदेव, तमिळमध्येही तीच गोष्ट. पंचवीस वर्षांचा संसार, घरात गृहीत धरलेली बाई, ऑफिसातल्या बाईत गुंतलेला नवरा. दुःख तेच, म्हणजे दुःखाचे मार्क सगळ्यांना सारखे. आता फरक उरतो तो फक्त माणसाचा.

रूपाली गांगुली यांची अनुपमा दुःख बाहेर काढते. त्यांचं बोलणं वाढत वाढत जातं, प्रेक्षकाला बरोबर घेऊन जातं. ते सोपं नाही, श्वास पुरावा लागतो. मराठीतली, मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती मात्र गिळते. तिचा राग मला तिच्या हळू बोलण्यात दिसायचा. वाक्याच्या शेवटी आवाज खाली यायचा, जणू शेवटचा शब्द तिने स्वतःसाठीच ठेवून घेतलाय. मला मधुराणी जास्त भावल्या, कारण आमच्या घरातल्या बायका अशाच चिडायच्या. पण ती माझी आवड झाली. दोघींनीही एकाच दुःखाला वेगवेगळी शरीरं दिली, हे काम. नंतर मालिका लांबत गेली, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपेपर्यंत अरुंधतीच्या वाट्याला उपदेश फार आले. चेहरा तोच, वाक्यं मोठी. तिथे मला त्या पूर्वीइतक्या पटल्या नाहीत आणि हेही म्हणायला हवं. एकदा आवडलं म्हणून पाच वर्षांचं सगळंच अप्रतिम होत नाही.

त्याच मालिकेतले अरुंधतीचे सासरे अप्पा आठवा, किशोर महाबोले. मुलाचं वागणं त्यांच्यासमोर उघडं पडत असताना ते ऐकतात. खरोखर ऐकतात. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभे राहत नाहीत. माझ्या मते मालिकेत अभिनेता ओळखायचा तो समोरचा बोलत असताना.

आणि अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध! मिलिंद गवळी यांना लोकांनी काय काय म्हणावं! "लोक शिव्या देतात हीच अभिनयाची पावती" हे वाक्य आपण निळूभाऊ फुल्यांच्या काळापासून ऐकतोय आणि ते मला कधीच पटलं नाही. बायकोला फसवणाऱ्या माणसाला शिव्या पडणारच, त्या लिहिणाऱ्यानेच कमावून ठेवलेल्या असतात. मिलिंदजींचं काम मला दिसलं ते दुसरीकडे. स्वतःच्याच घरात आपल्याला कुणी विचारत नाही, हे अनिरुद्धला कळायचं तेव्हा मान किंचित वर उचलून ते इकडेतिकडे बघायचे आणि क्षणभर त्याची कीव यायची. राग यावा असं पात्र असताना कीव आणणं, याला मी मार्क देईन. कलाकाराला रस्त्यात अडवून किंवा त्याच्या फोटोखाली घाणेरडं लिहून त्याच्या कलेचा सन्मान होत नाही.

आमचा तो हॉस्पिटलचा भाग दुसऱ्या दिवशी लागला. घरचे सगळे मला बघायला टीव्हीसमोर बसले होते. मी पावणेदोन सेकंद दिसले. तिचा क्लोज आला, डोळे भरलेले, बासरी सुरू. सासूबाईंना तेव्हा ऐकू यायचं, त्यांनी डोळे पुसले. मी मात्र पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते. खांदे किंचित हलताना दिसत होते, म्हणजे टेकलाही ती चादर दुमडत होती. हात फ्रेमच्या खाली राहिले होते.